काळ्या अळीचा कोसा

मोहरी चार पानांवर आली आणि तिला अळी लागली.

कलाबाईला ती दिसली तेव्हा ऊन अजून ऐनाच्या झाडांच्या शेंड्यांवरच होतं आणि खाली बोडीच्या, गावातल्या लहान तळ्याच्या, काठाला धुकं बसलेलं होतं. खांद्यावर गोफण, ओटीत मातीच्या वाळवलेल्या गोळ्या, अशी ती रोजच्यासारखी रेशमाच्या कोशाच्या राखणीला निघाली होती. जाता जाता आपल्या मोहरीवर नजर टाकायची तिला सवयच लागली होती. आज पानांना भोकं होती. वाकून पान उलटं केलं, तर खाली कोळशाच्या रंगाची, सुरकुतलेली, नखाएवढी अळी. तिनं बोट लावलं मात्र, अळीनं अंगाचं वेटोळं केलं आणि टपकन् मातीत पडली. पडली ती मेल्यासारखीच. कलाबाई उकिडवी बसून बघत राहिली. जरा वेळानं ती मेलेली अळी उलगडली आणि जसं काही झालंच नाही अशा थाटात परत देठाकडे निघाली.

"मोठी सोंगाडी आहे," कलाबाई म्हणाली. ऐकायला कोणी नव्हतं.

हसू आलं खरं, पण पुढच्या रोपाशी वाकली, त्याच्या पुढच्या रोपाशी वाकली, आणि हसू ओठांवरच वाळलं. सगळ्या पट्टीला अळी होती.

ही पट्टी म्हणजे बोडी आणि ऐनाचं रान यांच्या मधली चिंचोळी जागा. गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन दोनेक वर्षं झाली होती, सडक गावापर्यंत यायची बोलणी चालू होती, आणि कलाबाई नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली होती. नवरा आल्लापल्लीकडच्या जंगलात आरा ओढायचा. खड्ड्यावर सागाचा ओंडका आडवा टाकलेला, आऱ्याचं वरचं टोक त्याच्या हातात, खालचं हिच्या. इतकी वर्षं त्याचा भुसा हिच्या डोळ्यांत पडला. मग एक दिवस त्यानं खालचं टोक धरायला दुसरी आणली. कलाबाई भांडली नाही. लुगड्याचा भुसा झटकून बापाच्या दारात येऊन उभी राहिली.

माहेरच्यांनी जा म्हटलं नाही. पण माहेरपण चार दिवसांचं असतं, पाचव्या दिवशी आपण कुठं बसावं तेच कळेनासं होतं. म्हाताऱ्या बापाला, दादाजीला, दिसायचं कमी, पण हे बरोबर दिसलं. पट्टीवर धाकट्या भावाचा, नथ्थूचा, डोळा होता. तिथं ऐनाची रोपं लावली तर कोसा घराच्या अंगणात आल्यासारखा होणार होता, दूरच्या रानात पाय तोडत जायला नको. दादाजीनं एका संध्याकाळी सगळ्यांना ओसरीवर बसवून सांगितलं, "यंदा पट्टी कला पेरन. पीक घरात आलं, तं पट्टी तिची. नाई आलं, तं नथ्थू, तू ऐन लाव. मंग कोनी काई बोलाचं नाई."

नथ्थूनं मान डोलावली. त्याच्या बायकोनं, सोनीबाईनं, ओसरीवरच्या चुलीतलं लाकूड फक्त आत सरकवलं. कलाबाईनं दुसऱ्या दिवशी ओलीत मोहरी फेकली. तेवढ्या जागेवर तिचं बूड टेकणार होतं. तेवढीच एक जागा.

आता कोणी म्हणेल, अळीच ती, चिरडून टाकावी. पण कलाबाईचं घर ढिवराचं, आणि दिवस कोशाचे. ऐनाच्या झाडांवर हिरवेगार किडे चढवलेले होते. पानं खाऊन खाऊन ते बोटाएवढे जाड होणार आणि थंडी भरात आली की स्वतःभोवती कोसा विणून बसणार. किडे झाडावर आहेत तोवर त्या घराचं सगळं जगणं उलटं व्हायचं. मासळीवर वाढलेल्या घरात मासळी बंद. जाळी आढ्याला टांगलेली. किडा-मुंगी मारायची नाही. मुंगळ्यांना बुंध्याशी राखेचं रिंगण, पाखरांना गोफण, तीसुद्धा हाकलण्यापुरती. बियाण्याचे जिवंत कोसे ज्या खोलीत टांगलेले, तिथं आतला पतंग बाहेर निघेपर्यंत भिंतीत खिळा ठोकायचा नाही, जमीन खोदायची नाही. आतला जीव झोपलेला असतो, त्याला हादरा नको. बाकीचे कोसे नंतर कढत्या पाण्यात जातात, हेही खरं. पण ते नंतरचं. नियमाला असले प्रश्न विचारायचे नसतात.

तिनं एक अळी पानासकट बापाकडे नेली. दादाजीनं ती तळहातावर घेतली, बोटानं चाचपली. अळी वेटोळं करून मेली.

"काऊन गप झाली?"

"सोंग करून राह्यली, बाबा."

म्हातारा हसला. "अळीच आहे. कोशाच्याच नात्यातली असन कोनी गरीब. मारू नको. उचल, अना दुसरीकडे सोड."

कोशाच्या किड्याला असंच करतात. एका झाडाचा पाला संपला की डहाळी कापायची आणि किड्यासकट दुसऱ्या झाडाला नेऊन बांधायची. कलाबाईला त्यात वावगं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती उजाडायच्या आधी उठायला लागली. रोपाखाली सूप धरायचं, देठाला टिचकी मारायची. अळ्या सोंगाच्या इतक्या पक्क्या की टपाटप सुपात पडून मरायच्या. सूप भरलं की बोडीच्या पाळीवर जाऊन भुसभुशीत मातीत रिकामं करायचं. चुकून एखादी दाबली गेली तर तिच्या अंगातून पाण्याचे थेंब फुटायचे आणि बोटांना मोहरीचाच उग्र वास यायचा. कंबर धरायची. ऊन चढलं की अळ्या पानाआड दडायच्या आणि कलाबाई गोफण घेऊन ऐनाखाली उभी राहायची. पोपट, कावळे, साळुंक्या यांचं कोशाच्या किड्यावर भारी प्रेम.

राखणीच्या त्या रिकाम्या वेळात तिला त्या अळीचं वेड लागलं. एक अळी तिनं ऐनाच्या डहाळीवरच्या कोशाच्या किड्याशेजारी ठेवली. हा हिरवा, ती काळी. तिचं लक्ष पायांवर गेलं. कोशाच्या किड्याचे पुढचे पाय पुढं, मागचे मागं, आणि मधे पोटाचा काही भाग मोकळा. हिच्या पोटाला मोकळी जागाच नव्हती, सगळीकडे पाय. "हे आपल्या नात्यातली नाई," कलाबाई पुटपुटली. ऐनाच्या पानाला अळीनं तोंड लावलं नाही. तिनं ती शेजारच्या लाखोरीवर, लाखेच्या डाळीच्या रोपावर, ठेवली, तिथंही नाही. जवसावर ठेवली, तर अळी पान सोडून खालीच उतरली. उपाशी मरेन पण मोहरीच खाईन, असा तिचा बाणा होता. भरल्या ताटाला नाही म्हणणारं माणूस कलाबाईनं पाहिलं नव्हतं. अळी पाहिली.

हळूहळू अळ्या कमी झाल्या. मोठ्या झालेल्या तर सुपातून मातीवर पडल्या की चालतच नसत, डोकं खुपसून खाली जात आणि दिसेनाशा होत. मातीत गेली म्हणजे मेली, कलाबाईनं सरळ हिशेब केला. तिनं मारली नव्हती, आपल्या मरणानं गेली. मोहरीला नवी पानं फुटली. सोनीबाई एकदा पट्टीवरून जाता जाता थांबली आणि म्हणाली, "बाई, तुमची मोहरी धरली वाट्टे." सोनीबाईच्या तोंडून इतकं म्हणजे आहेरच. त्या दिवशी कलाबाईनं दोन भाकरी खाल्ल्या.

पण करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

भाऊबीजेनंतर गावोगाव मंडया, म्हणजे जत्रा, भरायला लागल्या. नथ्थू आणि सोनीबाई एका दुपारी शेजारच्या गावच्या मंडईला गेले, दंडारीचा खेळ पाहूनच परतणार होते. रानात कलाबाई एकटी. ऊन कोवळं होतं, पाखरं शांत होती. ती मोहरीच्या कडेला टेकली आणि तिला पानांवर माश्या दिसल्या. घरातल्या माशीपेक्षा लांबट. डोकं काळं, पंख धुरकट, आणि अंग पिकल्या तेंदूफळाच्या नारिंगी रंगाचं. उडायला जड, एका रोपावरून उडत आणि दुसऱ्यावर जाऊन बसत, माणसाची भीती अशी नाहीच.

एक माशी तिच्या गुडघ्याजवळच्या पानावर बसली. पानाच्या कडेकडेनं मिशा टेकवत चालली, जसा सुतार लाकूड निरखतो. एका जागी थांबली. पोट खाली वाकवलं. पोटाच्या टोकातून काहीतरी बाहेर आलं, केसासारखं बारीक, तपकिरी, चपटं पातं. ते पातं पानाच्या कडेत शिरलं आणि पुढं-मागं, पुढं-मागं व्हायला लागलं.

ही चाल कलाबाईच्या खांद्यांना पाठ होती. ओढ, सोड. ओढ, सोड. माशी आरा ओढत होती. एकटी. वरचं टोक तिचं, खालचंही तिचंच. भुसा पडत नव्हता, आवाज होत नव्हता, पान हलतसुद्धा नव्हतं. काम झालं तसं तिनं पातं आत घेतलं, जरा पुढं सरकली आणि परत वाकली.

माशी उडाल्यावर कलाबाईनं ते पान न तोडता सूर्याकडे धरलं. पानाला वरची साल असते, खालची साल असते. माशीनं दोन्ही न फाडता मधोमध खिसा कापला होता. त्या खिशात खसखशीच्या दाण्याएवढा फुगवटा. अंडं. पानालाच पान पांघरून ठेवलेलं. ज्या हातांनी सागाचे ओंडके चिरले, त्या हातांना हे जमलं नसतं. नवऱ्याला तर नाहीच नाही. जगात इतकं कसब कुठं कुठं लपवून ठेवलेलं आहे आणि आपण मोहरीच्या पानावर फक्त भोकं बघतो, असं तिच्या मनात आलं. ती बराच वेळ तशीच बसून राहिली. राग यायला हवा होता, तो आला नाही.

मग एकाएकी तिला पाळीवरची भुसभुशीत माती आठवली. ती उठून तिकडे गेली आणि बोटांनी माती उकरली. लाखोरीच्या दाण्याएवढी मातीची घरकुलं हाताला लागली. एक फोडून पाहिलं, रिकामं होतं. तोंड गोल कापलेलं. आतून मात्र तलम अस्तर, ऊन पडलं की झळकायचं.

संध्याकाळी तिनं ते बापाच्या तळहातावर ठेवलं. दादाजीनं कानाशी नेलं, हलवलं, अस्तरावरून नख फिरवलं. त्याचा चेहरा देवळात गेल्यासारखा झाला.

"कोसा आहे, कला."

"मातीचा आहे, बाबा. मी सोडल्या त्याच अळ्या. मेल्या नव्हत्या. मातीत जाऊन कोसा धरला त्याईनं, अना आता माश्या होऊन आल्या. मीच पेरल्या मनावं."

"मातीचा कोसा." म्हाताऱ्यानं डोळे मिटले. "सारा जलम कोशात गेला, पर असा नाई पाह्यला."

मंडईहून आलेली सोनीबाई पायावर पाणी घेत ऐकत होती. "मंग बाई, मोहरीच्या जागी आता याईचंच पीक घेता का?" ती म्हणाली. बोलणं चेष्टेचं होतं, पण लागलं.

दुसरी खेप आली ती पहिल्यासारखी नव्हती. पहिल्या वेळी रोपावर एखाददुसरी अळी होती, आता पानागणिक. कलाबाई सूप घेऊन वाकली की दुपारपर्यंत तिची पाठ सरळ व्हायची नाही. सूप कुठं रिकामं करावं तेही कळेना. बोडीच्या पलीकडे नेऊन टाकायला लागली, तर येईस्तोवर राखण बेवारस. मोहरीच्या पानांची जाळी झाली, मग शिरा उरल्या, मग शिराही गेल्या. कुठं कुठं कोवळा शेंडा पिवळं फूल काढायला बघायचा आणि सकाळी तोही नसायचा.

एका सकाळी ती ऐनाखाली उभी होती आणि साळुंक्यांचा थवा येऊन पलीकडच्या पळसावर बसला. कलाबाईनं सवयीनं गोफणीत गोळी घातली आणि हात वरच राहिला. साळुंकीला अळी आवडते. मग या काळ्या अळ्यांना पाखरू का लागलं नाही? तिला एकदम उमगलं. पाखरू येऊच कसं शकेल? दिवसभर आपणच तर हाकलतो. कोशाची राखण करता करता तिनं आपल्या मोहरीच्या वैऱ्याचीही राखण केली होती.

तिनं गोफण मांडीवर ठेवली आणि खाली बसली.

साळुंक्यांनी थोडा अंदाज घेतला आणि मोहरीत उतरल्या. एका साळुंकीनं अळी उचलली, मान झटकली, टाकून दिली. चोच ढेकळावर घासली, परत परत घासली. दुसरीनं उचलली, तिनंही टाकली. अळीच्या अंगात मोहरीचा सगळा तिखटपणा भरलेला होता. जिला मोहरीशिवाय दुसरं काही गोड लागत नव्हतं, तिनं तेच खाऊन स्वतःला कडू करून ठेवलं होतं. तोंड खराब झालेल्या साळुंक्या भर्रकन उडाल्या आणि वर ऐनात शिरल्या. तिथं मऊ, हिरवं, गोड ताट वाढलेलंच होतं. कलाबाई ओरडत उठली, गोफण फिरवली, गोळ्या झाडल्या. थवा उठला खरा, पण कितीतरी चोचींत हिरवं लोंबत होतं.

सोनीबाई भाकर घेऊन आली तेव्हा झाडाखाली फाटकी पानं आणि हिरवे ओघळ पडलेले होते. तिनं वर पाहिलं, खाली पाहिलं.

"बाई, गोफण हातात होती का मांडीवर?"

खोटं बोलता आलं असतं. "मांडीवर," कलाबाई म्हणाली. "मलेच वाटलं, पाखरं मोहरीतली अळी खातीन."

सोनीबाईनं भाकरीचं फडकं कलाबाईच्या पुढ्यात ठेवलं, तिच्या हातातली गोफण काढून घेतली आणि स्वतः ऐनाखाली जाऊन उभी राहिली. संध्याकाळपर्यंत ती उभीच होती. कलाबाई सूप घेऊन पट्टीत वाकली होती आणि एकदाही तिकडे बघायची तिची छाती झाली नाही. भाकर तशीच राहिली.

आरमोरीच्या बाजारातून नथ्थू परतला तो काखेत पुडा घेऊन. तो थेट पट्टीवर आला. दादाजी घरी झोपलेला होता, सोनीबाई पाण्याला गेली होती.

"पावडर आहे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "दुकानदार मने, एक डाव टाकली का सारी अळी खतम. बाबाले सांगू नको. पाप लागन तं मले लागन."

कलाबाई त्याच्याकडे बघत राहिली. "तुले तं ऐन लावाचे आहेत ना रे इथी?"

"लावाचे आहेत. पर असे नाई." त्यानं नजर वळवली. "तू सकाळपासून वाकून रायते, मले दिसते."

इतके दिवस तिला वाटत होतं की या घरात तिची मोहरी मरायची सगळे वाट बघत आहेत. तिनं पुडा हातात घेतला. जड होता, आणि बंद असूनही नाकाला झोंबत होता. मोहरी वाचवणं आता तिच्या हातात होतं.

"वारा आहे का?" तिनं विचारलं.

"कुठी आहे? पान हालून नाई राह्यलं."

कलाबाईनं पुडा खाली ठेवला. ऐनाच्या बुंध्याशी मुंगळ्यांसाठी घातलेल्या रिंगणातली चिमूटभर राख घेतली, पट्टीच्या मधोमध आली आणि हात डोक्याच्या वर नेऊन चिमूट सोडली. राख सरळ खाली आली नाही. ती हवेत पसरली, बोडीकडून येणाऱ्या न कळणाऱ्या गारव्यावर तरंगली आणि हळूहळू, अगदी सावकाश, ऐनाच्या झाडांकडे निघाली. दोघं बहीणभाऊ तिच्याकडे बघत राहिले. किडे तिथं डहाळ्यांना लटकून मान वर करून खात होते. कोसा धरायला आलेले, अंगातून उजेड आरपार जाईल असे भरलेले.

"घेऊन जा," कलाबाई म्हणाली.

"अना पट्टी?"

"गेली तं गेली. मी पाखरं सोडली तवाच एक डाव चुकली. आता नाई चुकत."

नथ्थू पुडा घेऊन गेला. ती मात्र तिथंच मातीत बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. भोवती अळ्या खात होत्या. कान दिला असता तर ऐकू आलं असतं.

पुढच्या दिवसांत किड्यांनी कोसा धरला. आधी दोन-तीन पानं धाग्यानं जवळ ओढायची, फांदीला वळसा घालून देठ पक्का करायचा, आणि मग मान आठाच्या आकड्यासारखी फिरवत स्वतःला विणत आत घेत जायचं. पहिल्यांदा आत हलणारा जीव दिसतो, मग सावली दिसते, मग काहीच नाही. कलाबाईनं लहानपणापासून हे पाहिलं होतं. यंदा ती जास्त वेळ पाहत उभी राहिली. त्याच दिवसांत खाली पट्टीतल्या काळ्या अळ्याही एकेक करून मातीत उतरत होत्या. वर एक कोसा, खाली एक कोसा. मधे माणसाची नुसती लगबग.

कोसे उतरवले, पीक चांगलं झालं. आढ्याची जाळी खाली आली आणि घरात मासळीचा वास घुमला. कलाबाईच्या मोहरीचे वाळके दांडे उरले. शेंगा झटकून झटकून निघाले ते दाणे एका वाटीत मावले. सोनीबाईनं ते डब्यात ओतले, म्हणाली, "फोडणीले होतीन," आणि यात कुचकेपणा नव्हता.

बोलणं ठरलेलं होतं. पळस फुलला, ऊन तापायला लागलं, तेव्हा नथ्थू सब्बल, खड्डे खणायची पहार, घेऊन पट्टीवर आला. रोपं आखाडात लावायची, पण खड्डे उन्हात तापायला हवेत. माती वाहायची टोपली कलाबाईनं स्वतःच उचलली. रडून झालं होतं. आता हात तरी कामात असावेत. दादाजीला सोनीबाईनं हाताला धरून आणलं आणि पाळीवर बसवलं.

नथ्थूनं सब्बल मारली. जमीन कडक झालेली. दुसऱ्या घावाला मोठं ढेकूळ उलटलं आणि फुटलं, आणि त्यातून लाखोरीसारखे मातीचे दाणे सांडले. त्यानं परत सब्बल उचलली. पण ती खाली आली नाही. जन्मभर कोशाच्या घरात वाढलेला हात, तो वरच थांबला.

"बाई, हे पाह्य बरं."

कलाबाईनं टोपली टाकली. एक दाणा सब्बलीच्या टोकानं खरचटला होता. अस्तराच्या भोकातून आत अंग दुमडून बसलेली अळी दिसत होती. तिनं त्यावर हळूच फुंकर घातली. आतलं अंग हललं.

"का झालं?" पाळीवरून दादाजीनं विचारलं.

"काळ्या अळीचे कोसे निघाले, बाबा," नथ्थू म्हणाला.

"रिकामे का जिते?"

"जिते," कलाबाई म्हणाली.

म्हाताऱ्यानं हात आडवा केला. "मंग सब्बल ठेव."

"बाबा, हे का आपले कोसे आहेत?" नथ्थू म्हणाला खरा, पण सब्बल त्यानं आधीच आडवी ठेवली होती.

"कोसा आहे का नाई? आत जीव निजला आहे का नाई? निजलेल्या कोशाजवळ आपल्या घरानं आजवर खिळा ठोकला नाई, तू खड्डा खोदशीन?"

"मंग कवा खोदू?"

"निघतीन तवा."

"अना निघतीन कवा?"

दादाजीला ते माहीत नव्हतं. त्यानं आपला चेहरा लेकीच्या दिशेला वळवला. नथ्थूनंही पाहिलं, सोनीबाईनंही. कलाबाई मातीत उकिडवी बसलेली, तळहातावर तो दाणा. इतक्या दिवसांत त्या घरात पहिल्यांदाच सगळे तिच्या उत्तराची वाट बघत होते.

"आपला बियान्याचा कोसा साऱ्या उन्हाळ्यात निजते," ती सावकाश म्हणाली. "पानी पडलं, ऐनाले पालवी आली, का जागा होते. त्याचं पान आलं तवा. याईचं पान मोहरीचं. मोहरी हिवाळ्याची. तोवर नाई निघत."

"म्हंजे यंदा ऐन नाई," नथ्थू म्हणाला.

"यंदा नाई," दादाजी म्हणाला. "बोलनं झालं."

"अना मोहरी परत पेरली, तं परत हेच खातीन," सोनीबाई म्हणाली.

"मी जवस पेरीन, सोनी. मी ठेवून पाह्यलं आहे, जवसाले तोंड नाई लावत. नांगर नको, ओलीत फेकून देईन. काठानं मूठभर मोहरी, याईच्या वाट्याची."

बोडीवरून गरम वारा आला आणि पळसाची फुलं पाण्यात पडली. नथ्थूनं खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं, खाली बसला आणि उलटलेली माती हातांनी खड्ड्यात लोटायला लागला. सोनीबाईनं सब्बल उचलली, म्हाताऱ्याला हात दिला आणि घराकडे निघाली. काही पावलं गेल्यावर थांबली.

"बाई, राखन लागन का याईले?"

"नाई," कलाबाई म्हणाली. "याईनंच माही जागा राखली."

आणि तिनं तो दाणा होता तिथं ठेवून ढेकूळ वरून दाबून बसवलं.